जावेच्या वावरातली वेचणी

माझं अक्षर वाईट आहे आणि शाळा चौथीपर्यंतच झाली. चुका असतील, कोणी वाचलंच तर माफ करावं.

साखर वाढली होती, गुडघे उठू देत नव्हते, म्हणून अकोल्याला पोट लहान करायचं ऑपरेशन केलं. पाटल्या विकूनही चार-पाच हजार कमी पडले, ते मोठ्या जावेनं उसने दिले. आणि मग मला सुखानं जेवू दिलं नाही.

वाटीभर पातळ वरणानंच माझं पोट भरायचं. एका लग्नाच्या पंगतीत तिनं मुद्दाम माझ्या ताटात पोळ्यांची चळत ठेवली. "खाय न वं! माह्या पैशाचं पोट फाटते काय?" सगळ्या हसल्या. मी मान खाली घातली, पण विसरले नाही.

दिवाळीनंतर तिच्या वावरात बीटीचा कापूस एकदमच फुटला. आभाळ भरून आलेलं आणि वेचायला बाई मिळेना. वजन उतरल्यानं मी आता दिवसभर वाकू शकत होते, वेचणाऱ्या बाया माझ्या शब्दावर येत. जाऊ माझ्या दारात आली.

"येतं काय वं?"

"येतो. पण दर दुप्पट. साऱ्या बायांले."

"घरच्या माणसाले लुटतं?"

"मंग तुम्हीच येचा, बाई."

ती कबूल झाली. रोज संध्याकाळी तिलाच काटा धरून माझं गाठोडं तोलावं लागे. माझी मजुरी मी उधारीत वळती करायला लावली. शेवटच्या दिवशी सगळ्या बायांसमोर विचारलं, "बाई, फिटले काय?"

"फिटले," ती पुटपुटली.

"मोठ्यानं सांगा."

"फिटले वं, सारे फिटले!"