कुसुमआजीचा मॉनिटर

प्रिय अनय आणि ईरा,

साताऱ्याच्या स्टँडवरून सांगलीची एसटी सुटली तेव्हा तुमची कुसुमआजी खिडकीशी बसली होती. मांडीवर नारळाची पिशवी होती. "अक्का, ह्या वर्षी गाणार बघ मी," ती म्हणाली, इतक्या मोठ्याने की पुढच्या सीटवरचे गृहस्थ मागे वळून हसले. आपला आवाज किती मोठा होतो हे तिला अलीकडे कळत नाही.

माझी ही धाकटी बहीण लग्न होऊन माण तालुक्यात गेली आणि तिथल्या बोलीत विरघळून गेली, हे तुम्हांला ठाऊक आहे. सासरच्या गावच्या जत्रेत पहिली गवळण तिची, असा रिवाज पडला आहे. पण आता उजवा कान गेला आहे आणि डावा जाऊ लागला आहे. कानातले यंत्र स्पीकरजवळ शिट्टी मारते, म्हणून गाताना ती ते काढून ठेवते. मग तिला आधार एकच: पायाशी तिरका ठेवलेला मॉनिटर, म्हणजे गाणाऱ्याकडे तोंड केलेला स्पीकर. त्यातून स्वतःचा आवाज आला तर ती सुरात राहते. गेल्या वर्षी ढोलकीवाल्याचा पाय वायरीत अडकला, टोकाचा जॅक निसटला, मॉनिटर मुका झाला आणि तिचा सूर उतरला. लोक हसले. जत्रा समितीचा अध्यक्ष म्हणजे तिचाच पुतण्या दत्ता. तो म्हणाला, "काकी, ह्या वर्षी एकडाव बघू. न्हाई जमलं तर दुसरी पोरगी बघावी लागंल." या एका संधीसाठी आम्ही निघालो होतो.

कऱ्हाडनंतर दुतर्फा ऊस सुरू झाला. ट्रॅक्टरमागे एसटी रेंगाळत राहिली. सांगलीला उतरलो तेव्हा दुपार टळली होती. भडंग (मसाल्याचे खमंग कुरमुरे) घेतले आणि शौकतभाईंच्या गोदामात गेलो. जत्रेचा साउंड त्यांचाच असतो. मी आधीच फोनवर सगळे सांगितले होते.

त्यांनी वायर जोडायचे दोन कनेक्टर टेबलावर ठेवले. "ह्यो जॅक. नुसता खुपसायचा. ओढला की भायेर. वर माइकची वायर बी अशीच दिसती, गडबडीत चुकीच्या भोकात जाती. आन् ह्यो दुसरा. आत घालायचा, पिळायचा, मग ओढला तरी निघत न्हाई."

कुसुमने दुसरा हातात घेऊन डोळे मिटले आणि फिरवला. "कट् झालं! अक्का, बोटांना कळतं. ऐकायलाच नको."

"मग ह्योच," शौकतभाई हसले. "लय पारखी हाय तुमची बहीण."

जत्रेच्या स्टेजवरचा एक अडथळा मात्र राहिला. स्टेज रुंद असल्याने मॉनिटरची वायर पुरत नव्हती, दोन तुकडे जोडावे लागणार होते, आणि तो सांधा स्टेजच्या पुढच्या कडेला, नेमका कुसुमच्या पायाशी येणार होता. तिथे धूळ, गुलाल, पायांची वर्दळ. मी विचारले, त्याचे काय? शौकतभाईंनी सायकलच्या ट्यूबचा वीतभर तुकडा कापला आणि सांध्यावर मोज्यासारखा चढवला. मला ते फार आवडले. सांधा जमिनीवर न ठेवता लाकडी ठोकळ्यावर बांधायचा, वायर स्टेजला चिकटपट्टीने घट्ट बसवायची, असे सगळे ठरले. तुम्ही मला नेहमी चिडवता की आजीला प्रत्येक गोष्ट जागच्या जागी लागते. त्या संध्याकाळी सगळे जागच्या जागी होते.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या टेंपोतून निघालो. विट्यापुढे हिरवे मागे पडते. म्हसवडकडे जाताना माळ, खुरटी बाभळ, मेंढरांचे कळप. वाटेत टेंपो पंक्चर झाला. एका वस्तीवरच्या बाईने ओळखपाळख नसताना बाजरीची भाकरी आणि खर्डा (ठेचलेली मिरची) दिला. कुसुमने तिलाही जत्रेला बोलावले. "ये गं, ऐक मला." ती यायची म्हणाली.

गावात पोचलो. दिवस कलायला अजून अवकाश होता. शौकतभाईंनी वायर टाकली, सांधा ठोकळ्यावर बांधला, ट्यूब चढवली. तालमीत मॉनिटर सुरेख वाजला. कुसुमने डोळे मिटून एक लांब आलाप घेतला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. तितकी खूश मी तिला कितीतरी दिवसांत पाहिली नव्हती.

मग पूजा. गाणारी व्यक्ती साजाची पूजा करते: ढोलकीला, पेटीला हळदकुंकू, स्टेजच्या कडेला नारळ. कुसुमने मॉनिटरला कुंकू लावले आणि खाली वाकली. ट्यूब वर सरकवली.

"कुसुम, ते राहू दे."

"गेल्या वर्षी हितंच रुसला हुता, अक्का. हितंच मनवायला पायजे. रबराला कुंकू लावून काय उपेग?"

तिने सांध्याला हळदकुंकू वाहिले. ठोकळ्याशेजारच्या दगडावर नारळ फोडला, ओंजळीत पाणी धरले आणि सांध्यावर सोडले, देवाच्या पायांवर सोडावे तसे. मग पदराने वरवर पुसून ट्यूब नीट खाली ओढली. पाणी आतच राहिले. शौकतभाई चार हात अंतरावर उभे होते. त्यांचे ओठ हलले आणि मिटले. मी त्यांच्याकडे पाहिले, त्यांनी नजर खाली घातली. घंटा वाजत होती, गर्दी हात जोडून होती. मीही आवाज चढवला नाही.

पहिले कडवे उत्तम झाले. वस्तीवरची ती बाई पुढच्याच रांगेत बसली होती. दुसऱ्या कडव्यात मॉनिटर खरखरला, आणि गप्प झाला. ॲम्प्लीफायरवर बिघाडाचा लाल दिवा लागला. कुसुमने पायाशी पाहिले. ती थांबली नाही. थांबायला हवे होते, पण ती गात राहिली, अंदाजाने, आणि सूर बाजूला सरकत गेला. पेटीवाल्याने स्वर जोरात दाबून धरला. तिला तो ऐकूच येत नव्हता.

"आवं काकी, सूर कुठं निघाला? म्हसवडला का?" कुणीतरी ओरडले. हशा उसळला. तो मात्र तिला दिसला.

ढोलकीवाल्यापुढचा दुसरा मॉनिटर ओढत शौकतभाई रांगत येत होते. ते पोचायच्या आत तिने माइक खाली ठेवला होता. दत्ताने पुढच्या गायिकेचे नाव पुकारले.

सकाळी शौकतभाईंनी सांधा उघडला. आत ओले कुंकू चिकटले होते. "आवं बाई, पूजंत मी कसा बोलू?" ते मला म्हणाले. "तुमच्या देवाच्या पाण्याला मी नगं म्हनलो असतो तर गाव काय म्हनलं असतं?" त्यांनी सांधा पुसला, उन्हात वाळवला, पुन्हा पिळून बसवला. मॉनिटर लख्ख वाजू लागला. रिकाम्या मांडवात ते कुसुमला म्हणाले, "ताई, बगा, आता बोला कायतरी."

कुसुमने यंत्र कानात घातले आणि टेंपोकडे पाठ करून चालू लागली.

मी तिला साताऱ्याला घेऊन आले. दहिवडीला चहा घेतला, तो तिने टाकला. कोरेगाव गेल्यावर तिने विचारले, "लय उतरला हुता का गं?" मी म्हटले, "थोडासा." तिने माझे ओठ वाचले असावेत. ती पुन्हा खिडकीकडे वळली.

आता माझ्या घरी आहे. भांडी घासताना पूर्वी गुणगुणायची, ती आता गप्प असते. कोणता कनेक्टर घ्यावा आणि त्याला कसे जपावे हे मला आता पाठ आहे. त्याचा या घरात काही उपयोग नाही.

मुलांनो, ती माझ्याकडे असली की रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही नेहमी म्हणता, "कुसुमआजी, एक गाणं." आता म्हणू नका. तुम्ही मागितलेत तर ती नाही म्हणणार नाही. ती गाईल, आणि मग तुमचे चेहरे बघत राहील.

तुमची आजी