माकडांचं निमित्त

हे मी आजवर कुणालाच, बायकोलाही, सांगितलेलं नाही. आज संत्रं सोलताना सालीचा वास नाकात शिरला आणि कोरोनातली ती सकाळ आठवली. मुलगी शिकायला परदेशी निघाली होती आणि निगेटिव्ह रिपोर्टशिवाय तिला विमानात बसू देणार नव्हते. बायको रोज सगळ्यांच्या नाकाशी संत्र्याची साल चुरडायची. "वास येऊन राहिला ना जी?" त्या सकाळी मला काहीच आला नाही. "येऊन राहिला," म्हणालो आणि माकडं हाकायचं निमित्त करून सौंसरजवळच्या आमच्या संत्र्याच्या बगीच्यातल्या झोपडीत राहायला गेलो. खरं बोललो असतो तर घरावर क्वारंटाइनची पाटी लागून पोरीचं जाणं हुकलं असतं. "बाबा, माझ्याहून माकडं जास्त झाली का तुम्हाले?" ती फोनवर चिडली. मीच तिला आजार दिला असेल, ही भीती पिच्छा सोडत नव्हती. विमानातल्या इतरांचा विचार मात्र, खरं सांगतो, मनात आलाच नाही. मग एका दुपारी नागपूरला निघालेली गाडी कुंपणाशी थांबली आणि ती ओरडली, "बाबा, निगेटिव्ह! जाऊन राहिली मी!" तोंडाला दुपट्टा बांधून मी झाडावरचं सगळ्यात मोठं संत्रं तोडलं आणि तिच्याकडे भिरकावलं. तिनं ते एका हातानं झेललं, तेव्हा मी अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल असा ओरडलो. आता ती तिकडेच नोकरी करते आणि माकडांवरून अजून टोमणे मारते. मी हसतो. पण त्या दिवशी तिला जवळ का घेतलं नाही, याचं खरं उत्तर मी अजून तिला देणं लागतो.