न बसलेल्या कवळ्या

त्यांना सगळी गल्ली कवळीमास्तर म्हणते. दातांच्या डॉक्टरांकडून मऊ लगद्यात उमटवलेली हिरड्यांची मापं येतात, मास्तर त्यांवरून प्लास्टरचे साचे ओततात आणि कवळ्या घडवतात. तेवीस वर्षं झाली, खोली तीच, खिडकी तीच, फक्त चष्म्याचा नंबर वाढला. शेकडो माणसं त्यांनी केलेल्या दातांनी जेवतात, हसतात, शेजाऱ्यांशी भांडतात. स्वतः मास्तर मात्र मूग गिळून बसण्यात पटाईत.

कवळी नीट बसली नाही तर दुसरी फुकट, हा त्यांचा नियम. तरुणपणी ऐटीत केलेला. डॉक्टरमंडळींना तो इतका मानवला की न बसलेल्या कवळ्यांचा ओघच सुरू झाला. मास्तर साचा उजेडात धरून बघत. बऱ्याचदा खोट मापातच असे: लगदा घट्ट व्हायच्या आत डॉक्टरांनी घाईने ओढून काढलेलं माप, कड फाटल्यासारखी उमटलेली. पण एवढ्या शिकलेल्या माणसाला ते सांगायचं कसं? मास्तर मुकाट्याने दुसरी करायला घेत आणि तिचं सामान क्रेडिट कार्डावर आणत. पुढे खोलीचं भाडंही कार्डावर गेलं. मग एका कार्डाचे पैसे दुसऱ्यातून. चार वर्षं ते दरमहा किमान रक्कम भरत होते आणि कर्ज काही जागचं हलत नव्हतं. उलट चांगलं अंग धरत होतं.

शेवटी मंगळवारी दुपारी ते कर्जाची तडजोड करून देणाऱ्या एका कंपनीत गेले. टाय लावलेल्या गृहस्थाने पाणी दिलं, कागद पुढे सरकवले.

“आजपासून बँकेला काही भरायचं नाही. तेच पैसे दरमहा आमच्याकडे साठवा. बँक टेकीला आली की आम्ही कर्ज निम्म्यावर मिटवू.”

“आणि नाही आली तर?”

“येते हो.”

“कोर्टात गेली तर?”

“जाऊ शकते. तसं कागदात लिहिलंय.” गृहस्थ घाईने पुढे म्हणाला, “फोन येतील. उचलूच नका. तुम्ही एक शब्द बोलायचा नाही. बोलायचं काम आमचं.”

त्या वाक्याने मास्तरांचा जीव भांड्यात पडला. फी म्हणजे कर्जाचा पाचवा हिस्सा, हे त्यांनी ऐकलं न ऐकलं. कुणीतरी आपल्या वतीने बोलणार, एवढंच त्यांच्या थकलेल्या डोक्यात शिरलं. सही तिथेच ठोकली असती. पण एक कार्ड बायकोच्याही नावावर होतं, म्हणून तिचीही सही हवी होती. आणि तिला या कर्जाचं काहीच ठाऊक नव्हतं.

ती कामाच्या खोलीत नेहमीसारखी कवळ्यांना पॉलिश करत बसली होती. मास्तरांनी कागद समोर ठेवले आणि खाली बघत सगळं सांगून टाकलं. तिने मशीन बंद केलं, हात पुसले, कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले.

“चार वर्षं?” ती म्हणाली. “मी झिजलेले ब्रश पुरवून पुरवून वापरत होते, तेव्हा ‘आण की नवे’ कोण म्हणत होतं?”

“मीच.”

“आणि यांना पैसे कशाचे द्यायचे? तुम्ही गप्प बसण्याचे? ते तर तुम्ही जन्मभर फुकटात करत आलात!”

मास्तरांना हसू आलं, आणि त्याच्याच मागोमाग रडूही. ती उठली, टेबलाखालून तीन खोकी ओढून काढली. परत आलेली एकेक कवळी, तिचा साचा, डॉक्टरांची चिठ्ठी, सगळं कागदात गुंडाळून ठेवलेलं.

“कशाला ठेवलंस हे?”

“कधीतरी कुणाला तरी दाखवाल, असं वाटायचं.”

सही झालीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी बँकेला स्वतः फोन लावला. पाऊण तास कानाशी तीच धून वाजत राहिली. ती शेजारी बसून होती. बँकेने सांगितलं, कार्डं बंद होतील, व्याज कमी होईल, पाच वर्षं ठरलेला हप्ता. साठीला काम थांबवायचं मास्तरांच्या मनात होतं, ते गेलं. हप्ता झेपणारा होता, पण फुकटच्या कवळ्या थांबल्या तरच.

टेबलावर कालच परत आलेली एक कवळी पडली होती. बायकोने फक्त त्या कवळीकडे पाहिलं. मास्तरांनी ती परत पाठवणाऱ्या, सगळ्यात जुन्या, सगळ्यात मोठ्या डॉक्टरांना फोन लावला.

“डॉक्टरसाहेब, माप चुकलंय. डावीकडे ओढलं गेलंय. नवीन माप पाठवा. आणि... दुसऱ्या कवळीचे पैसे पडतील.”



“माप चुकलंय म्हणता?”

“आधीही चुकायचं. साचे आहेत माझ्याकडे.”

“अहो, मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?” डॉक्टर खरोखरच चकित झाले होते. “मला वाटायचं, चूक तुमचीच असते. नाहीतर माणूस फुकट कशाला करून देईल?”

मास्तर खुर्चीत बसले. ज्याला ते तेवीस वर्षं आपला मोठेपणा समजत होते, तो तिकडे कबुलीजबाब म्हणून जमा होत होता.

“माझी नव्हती,” ते म्हणाले. मग जरा मोठ्याने पुन्हा म्हणाले, “माझी नव्हती हो.”

“बरं. बिल पाठवा,” डॉक्टर म्हणाले आणि फोन ठेवला.

तिने बिलाचं पुस्तक पुढे ओढलं. मास्तर मात्र त्या तीन खोक्यांकडे बघत बसून राहिले.