कुंडलच्या मामांचं सफरचंदाचं सारण

सांगली जिल्ह्यात कुंडलच्या मामांइतकं गोड कुणी शिजवलं नसेल, आणि शिजवलेल्यातला एक कणही जिभेवर न ठेवणारा माणूस त्यांच्याशिवाय दुसरा जन्मला नसेल. चाळीस वर्षं मामा गुऱ्हाळावर गुळव्या होते. उसाचा रस काहिलीत उकळत असताना त्याचा गूळ नेमका कधी झाला, हे सांगणारा तो गुळव्या. तो जरा आधी बोलला तर पातळ काकवी हातात येते, जरा उशिरा बोलला तर जळका दगड. बाकीचे गुळवे पाण्यात गोळी करून बघतात, बोटाला लागलेलं हळूच चाटतात. मामा काहिलीकडे पाठ करून उभे राहायचे. डोळे मिटलेले, डावा कान जरा तिरका. रस आधी खळखळतो, मग बुडबुडतो, मग त्याला धाप लागते, असं ते सांगत. धाप लागली की "उतरवा" म्हणायचे आणि विडी पेटवायला निघून जायचे. चाखून का बघत नाही असं एकदा मी विचारलं, तर म्हणाले, "जिभंला काय इचारायचं रं? ती फुकटची खानार. ती खरं कशाला बोलंल?" मी बेकरीवाला माणूस. माझा सगळा धंदा जिभेवर चालतो.

मामा माझे सख्खे मामा नव्हेत. विश्रामबागेत आमची बेकरी आहे, अब्बांच्या वेळेपासूनची. गुळाच्या बिस्किटांना गूळ मामांच्या गुऱ्हाळावरून यायचा, आणि ते अम्मीला बहीण मानत, म्हणून मी भाचा. या नात्यामुळं मला वर्षाला एक ढेप फुकट मिळाली आणि बाकी सगळा गोंधळ मिळाला. बेकरीत आले की मामा बाकावर बसून भट्टीकडे कान लावत आणि गिऱ्हाइकांसमोर खारी कच्ची असल्याचं जाहीर करत. शेजारच्या टपरीवरचा चहा उकळला की इथूनच ओरडत, "झाला बघ, वत आता." पलूसला एका लग्नात त्यांनी मांडवाबाहेर उभं राहून जिलेबीच्या पाकाला नापास केलं, आणि आचारी झारा घेऊन बाहेर आला. माणसांचं बोलणं मात्र मामांच्या कानापर्यंत जायचं नाही. तुम्ही तीन वेळा विचाराल तेव्हा ते चौथ्याच गोष्टीचं उत्तर देत. म्हातारा तऱ्हेवाईक आहे, ऐकायचं तेवढंच ऐकतो, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

मामांचा मुलगा फौजेत आहे. तिकडं पहाडात पोस्टिंग असताना त्यानं तिथलीच मुलगी पसंत केली आणि लग्न करून कुंडलला आणून ठेवली. मामी आधीच गेलेल्या. मुलगा सुट्टी संपवून परत गेला आणि घरात उरले दोघं, मराठी न येणारी सून आणि हिंदी न येणारे सासरे. त्यातून मामांच्या घरची रीत अशी, की सासऱ्यानं सुनेशी थेट बोलायचं नाही. उंबऱ्यावर खोकायचं आणि जे सांगायचं ते तिसऱ्याला सांगायचं. घरात तिसरं कुणी नव्हतं, म्हणून मामा म्हशीला सांगत. "आज चौघं जेवाय हायती," असं गोठ्याकडे तोंड करून मोठ्यानं बोलत. सुनेला त्यातलं अक्षर कळत नसे. त्यामुळं त्या घरात काय चाललंय, याची खडान्‌खडा माहिती फक्त म्हशीला होती. सून बिचारी पदर सावरत "जी पिताजी" म्हणायची, आणि आपल्याला कुणी पिताजी म्हणतंय या संकोचानं मामा मळ्यात निघून जायचे.

तिला दिवस गेले आणि अन्न जाईना. सहावा महिना लागला तरी वजन वाढेना. शेजारच्या काकूंनी रीतीप्रमाणं, मोडक्या हिंदीत विचारलं, बाई, कशावर मन जातंय? ती म्हणाली, सफरचंदाची पाई. तिची आई तिकडच्या एका गेस्ट हाउसात स्वयंपाकाला आहे, ती करते. अख्खी पाईही नको, नुसतं आतलं सारण मिळालं तरी चालेल. काकूंनी असलं काही उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. पण डोहाळ्यांचं शास्त्र त्यांना पाठ होतं. त्या मामांना म्हणाल्या, "आवं, डोहाळा ऱ्हायला तर लेकराचं कान फुटत्यात." कान फुटणं म्हणजे कान वाहणं. दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर त्यानं ते सोडून दिलं असतं. ज्यानं जन्मभर कानावर भाकरी खाल्ली त्याला सांगितलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं मामा बेकरीच्या दारात हजर, हातात सफरचंदांची पिशवी.

"भाच्या, ह्येचं काय करत्यात?"

मला तरी कुठं ठाऊक? आम्ही खारी, टोस्ट, नानकटाई करणारी माणसं. फोटोत बघितलं होतं तेवढ्या जोरावर मी म्हणालो, एक मोठा गोल कानवला समजा, आत सफरचंदाचं सारण असतं. कान वाहण्याला शास्त्राचा आधार नाही हेही मी सांगून बघितलं. डॉक्टरांचा हवाला दिला. मामा म्हणाले, "डाक्टरानं गूळ केलाय का कवा?" मी मोठं पातेलं काढून दिलं.

पहिल्या खेपेला मामांनी सफरचंदं किसली, त्यात गूळ घातला आणि धोतराच्या सोग्यातून रानभेंडीचं खोड काढलं. रसातली मळी वर यावी म्हणून गुऱ्हाळावर भेंडीचं बुळबुळीत पाणी घालतात, आणि वर आलेली मळी झाऱ्यानं काढून टाकतात. इथं वर आलं ते सफरचंद. मामांनी ते मोठ्या निगुतीनं, एकूण एक, काढून बादलीत टाकलं. उरलेला स्वच्छ, काचेसारखा पाक डब्यात भरून ते कुंडलला गेले, डबा उंबऱ्यावर ठेवला आणि खोकले. संध्याकाळी सुनेचा मला फोन. माझं हिंदी चांगलं अशी मामांची समजूत असल्यानं निकाल माझ्याकडं यायचा होता. आमच्या घरी बोलतात ते हिंदी मिरजेच्या पुढं कुणाला समजत नाही, हे त्यांना कोण सांगणार? ती हळूच म्हणाली, "भैया, ये तो शरबत है।"

दुसऱ्या खेपेला मी बजावलं की मळी काढायची नाही. मामांनी काढली नाही. पण पाकाला धाप लागल्याशिवाय उतरवायचा कसा? ते पाठ करून उभे राहिले आणि मी मुकाट्यानं माझी बिस्किटं करत राहिलो. तयार झालं ते त्यांनी सवयीनं फडकं घातलेल्या डब्यात ओतलं. तासाभरात ढेप तयार. सफरचंदाची, पाच किलोची, कुऱ्हाडीनं फोडावी अशी. तिचा एक कपचा मी तोंडात टाकला आणि माझी दाढ दोन दिवस ठणकत होती. ढेप कुंडलला जाऊन तशीच परत आली. मामा तिच्यावर टिचकी मारून म्हणाले, "माल तर झ्याक झालाय, मग ही पोरगी खाईना का?" त्यांच्या चेहऱ्यावर इतका खरा गोंधळ होता, की मला हसूही येईना. मला वाटायला लागलं, माझंच काहीतरी चुकतंय.

त्याच आठवड्यात सुनेला तपासणीला सांगलीला आणलं होतं. डॉक्टरीणबाई वजनावरून रागावल्या. तिथून मामा तिला घेऊन बेकरीत आले. ती बाकावर बसली, मामा दाराबाहेर. मी म्हटलं, बहेन, आता तूच सांग कसं करायचं ते. तिला कृती येतच नव्हती. आई स्वयंपाकघरात उभी राहू देत नसे, ही भिंतीपलीकडं अभ्यास करत बसायची. लिंबू, दालचिनी आणि थोडं लोणी घालतात एवढं वासावरून माहीत. मी मान हलवली आणि ते सगळं बाहेर ओरडून मामांना सांगितलं. मामांनी विडी विझवली. मग उठले, आत आले, आणि म्हैस नाही, मी नाही, सरळ तिच्याकडं बघून म्हणाले,

"शिजताना वाजायचं कसं?"

मी भाषांतर करायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं, कारण तिला ते कळलं होतं. तिनं डोळे मिटले. म्हणाली, पहिल्यांदा छन छन. मग चूप. मग... आणि तिनं एक बोट बाकावर आपटलं. थप. थोडं थांबून पुन्हा, थप. जाड काहीतरी सावकाश फुटावं तसं. मामा तिच्या बोटाकडं एकटक बघत होते.

या खेपेला सफरचंदाच्या फोडी केल्या, साखर घातली, लिंबू पिळलं. मामा ओट्याला हात टेकून, पातेल्याकडं पाठ करून उभे राहिले. छन छन झालं, चूप झालं. मग मला काउंटरपर्यंत स्पष्ट ऐकू आलं, थप. मामा हलले नाहीत. थप, थप. मामा तसेच, डोळे मिटून, कान तिरका. मला वाटलं, गुळव्याला आणखी काहीतरी ऐकायचं असेल, आपण कोण मध्ये बोलणारे. खाली लागल्याचा वास यायला लागला. तेवढ्यात सून उठली, त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली, आणि त्यांचा हात होता तिथं ओट्यावर बोट आपटायला लागली, पातेल्यातल्या प्रत्येक थपबरोबर एक. मामांनी डोळे उघडले. पातेल्याकडं बघितलं, बोटाकडं बघितलं.

"आला," ते हळूच म्हणाले. "उतरवा."

दोन वर्षं त्यांच्याकडून येणारा गूळ जरा करपलेला असायचा आणि मी उसाला नावं ठेवायचो. कान गेले होते त्यांचे. जन्मभर माणसांचं ऐकलं नाही म्हणून आम्हा कुणाच्या ते लक्षात आलं नाही, आणि सहा महिन्यांपूर्वी आलेल्या परक्या मुलीला एका दुपारी समजलं. मला माझीच लाज वाटली. मी खारीच्या पिठात ते सारण भरून भाजलं. आकार एका बाजूला कलला, वरून फुटला. तिनं उभ्या उभ्या तीन तुकडे खाल्ले आणि म्हणाली, "माँ जैसा नहीं है।" मग चौथ्यासाठी बशी पुढं केली. मामांनी मला विचारलं, "काय म्हनली?" मी म्हणालो, अजून मागतीये.

त्यानंतर दर आठवड्याला कुंडलला सारण होत होतं. ती बोट आपटायची, मामा उतरवायचे. म्हशीशी बोलणं बंद झालं. तिचं वजन वाढलं, आणि आठव्या महिन्यात, पहिलं बाळंतपण माहेरी या रीतीनं, मुलगा येऊन तिला पहाडात घेऊन गेला. मामा मग बेकरीत जास्तच यायला लागले. बाकावर बसत. भट्टीला नापास करणं त्यांनी सोडून दिलं होतं, आणि मला ते मुळीच बरं वाटत नव्हतं.

मुलगी झाल्याचा फोन माझ्याच मोबाइलवर आला. सून म्हणाली, पिताजींना द्या, बाळ रडतंय तेवढ्यात ऐकवते. मी फोन मामांच्या डाव्या कानाला लावून दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि डोळे मिटले. गिऱ्हाइकं येत होती, जात होती, मी पाव बांधून देत होतो. मामा हलले नाहीत. बऱ्याच वेळानं त्यांनी फोन माझ्या हातात दिला. चेहरा असा फुललेला, की गेल्या दोन वर्षांत मी तसा बघितला नव्हता.

"लय खनखनीत आवाज हाय," ते म्हणाले. "येवढ्या आवाजाचं लेकरू. त्येचं कान चांगलंच असनार बघ."

मी फोनकडं बघितलं. पहाडातली रेंज, विसाव्या सेकंदाला कट झाला होता.

"व्हय मामा," मी म्हणालो, आणि त्यांच्या जवळ वाकून, जरा मोठ्यानं, पुन्हा एकदा म्हणालो.