अण्णाजींचा त्रिफळा आणि न थांबलेली गाडी

सिंदीत कुणाला नुसती जांभई आली तरी अण्णाजी त्रिफळा सुचवायचे. पंचायत समितीतून बाबू म्हणून निवृत्त झालेला हा गृहस्थ. नोकरीत कुणाची फाईल वेळेत हलवली नाही, पण निवृत्तीनंतर अख्ख्या गावाची पोटं वेळेत हलवायचा विडा उचलला. हिरडा, बेहडा, आवळा उन्हात कडकडीत वाळवायचे, बिया काढून कुटायचे, जुन्या धोतरातून वस्त्रगाळ करायचे आणि पुड्या वाटायच्या. पोटाच्या बाबतीत त्यांच्याकडे बोट दाखवायला जागा नव्हती. नत्थूजी टपरीवाल्याची वीस वर्षांची बद्धकोष्ठता त्यांच्याच पुडीने सुटली होती, आणि ही हकीकत नत्थूजी गिऱ्हाईक भजी खात असतानाच सांगायचा.

पण अण्णाजींचा खरा अभिमान डोळ्यांचा. त्रिफळ्याच्या पाण्याने रोज डोळे धुणाऱ्याला मरेपर्यंत चष्मा लागत नाही, असा त्यांचा दावा आणि पुरावा ते स्वतः, वय बहात्तर. रोज सकाळी घरचा पेपर घेऊन टपरीवर यायचे आणि चष्म्याविना मोठ्याने वाचून दाखवायचे. बायकोचे, देवकाबाईंचे डोळेही आपल्याच पाण्याने शाबूत आहेत, हे वर सांगायचे.

दोन वर्षांपूर्वी अक्षरं पुसट व्हायला लागली. अण्णाजींनी त्रिफळा दुप्पट केला, धुकं वाढलं. तिप्पट केला, तर पोटाने वेगळाच निर्णय घेतला. मोतीबिंदू हा शब्द त्यांना ठाऊक होता, पण तो उच्चारणं म्हणजे गावासमोर आपल्याच हाताने आपलं नाक कापणं. शेवटी देवकाबाईंना विश्वासात घेतलं. देवकाबाई पहाटे पेपर वाचून दाखवायच्या, अण्णाजी पाठ करायचे आणि टपरीवर कागद डोळ्यांसमोर धरून घडाघडा म्हणायचे. वाचून झालं की नत्थूजी तो भज्यांसाठी फाडायचा, त्यामुळे पडताळा घेणारं कुणी उरत नसे.

एका शनिवारी त्यांनी वाचलं, की अकोल्याहून येणारी एक्सप्रेस सोमवारपासून सिंदीला थांबणार. टपरीवर आनंदीआनंद झाला. त्या गाडीने आजवर सिंदीकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. मोबाईलवर तर असं काही नाही, अशी शंका प्रेमदास नावाच्या शेतकऱ्याने काढली. छापलेलं खरं की बोटाने सरकवलेलं, असं विचारून अण्णाजींनी त्याला गप्प केलं. सोमवारी हार-नारळ घेऊन प्रेमदासच सगळ्यांत आधी स्टेशनवर हजर, मागे बारा-पंधरा जण. गाडी आली आणि भरधाव निघून गेली. जाताना प्रेमदासची टोपी उडवून गेली.

मंडळी थेट टपरीवर आली. वाटेत वाचनालयातून शनिवारचा पेपर आणला होता, तो प्रेमदासने अण्णाजींच्या हातात ठेवला.

"कुठं हाय ते बातमी? बोट ठेवा."

अण्णाजींचं बोट पानभर फिरलं आणि थांबलं ते बनियनच्या जाहिरातीवर. कुणी हसलं नाही, तेच त्यांना जास्त लागलं.

ते तणतणत घरी आले. देवकाबाई तांदूळ निवडत होत्या, बोटांनी चाचपून.

"काऊन वं, खोटी बातमी काऊन सांगतली?"

देवकाबाईंनी सूप खाली ठेवलं. "मले तरी कुठं दिसून राह्यलं? मोठी अक्षरं दिसत, तेवढी वाचत होती. बाकी मनानंच सांगत होती. आपल्या पोरीले, यामिनीले अकोल्याहून येताना वर्ध्याले उतरून बस पाहा लागते, म्हणून गाडी थांबवली."

"मंग हे आधी काऊन नाई सांगतलं?"

"तुमी साऱ्या गावाले सांगता, देवकाचे डोळे त्रिफळ्यानं साबूत हायेत म्हणून. तुमाले खोटं कसं पाडू?"

आपलं नाक वाचवायच्या नादात बायकोचे डोळे पणाला लावले, याची अण्णाजींना मनापासून लाज वाटली.

दुसऱ्याच दिवशी दोघं सेवाग्रामच्या दवाखान्यात. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, पोटाला त्रिफळा बेताने घ्यायचा तर घ्या, पण मोतीबिंदू कुठल्याही चूर्णाने विरघळत नाही आणि घरचं पाणी डोळ्यांत घालायचं नाही. अण्णाजींनी मान खाली घालून ऐकलं, आणि निघताना बाईंच्याच टेबलावर एक पुडी ठेवली. आधी अण्णाजींची शस्त्रक्रिया झाली. मग टपरीवर जाऊन त्यांनी स्वतःच जाहीर केलं, की पोटाची हमी माझी, डोळ्यांची नाही.

पुढच्या महिन्यात देवकाबाईंची पाळी आली. डोळ्यावर पट्टी बांधून त्या खाटेवर पडल्या होत्या आणि अण्णाजी उशाशी बसून खराखुरा पेपर वाचत होते. कापसाचा भाव उतरला, पुढारी भांडले, जाम गावाजवळ ट्रक उलटला. देवकाबाई कंटाळल्या.

"आपल्या गाडीचं काई आलं का?"

अण्णाजींनी पानं उलटून नीट पाहिली. अक्षर न् अक्षर लख्ख दिसत होतं.

"हाव, आलं हाय. थांबते म्हणते."

देवकाबाई पट्टीखाली हसल्या. "किती मिनिटं?"

"यामिनी सामानासकट उतरतपर्यंत," अण्णाजींनी वाचून दाखवलं.