पेंटर आणि पडद्यावरच्या पाट्या

एकेकाळी बाजारातली निम्मी दुकानं पेंटरांच्या हातची होती. म्हणजे दुकानं दुसऱ्यांची, वर लिहिलेली नावं पेंटरांची. शिंपी, घड्याळवाला, दातांचा डॉक्टर, सगळ्यांच्या पाट्या त्यांनी शिडीवर उभं राहून रंगवल्या. बायकोसुद्धा त्यांना पेंटरच म्हणायची. खरं नाव काय ते विजेच्या बिलालाच ठाऊक. पाटी टांगून झाली तरी ते लगेच घरी येत नसत. समोरच्या फुटपाथवर उभे राहून, जाणाऱ्या-येणाऱ्यांपैकी किती जण मान वर करतात ते मोजत बसत. दहातल्या चौघांनी बघितलं तर पाटी जमली. तीनच निघाले तर दुसऱ्या दिवशी शिडी घेऊन पुन्हा हजर. दुकानदार म्हणे, "अहो, मला आवडलीय ना." पेंटर म्हणत, "तुम्ही कुठं रस्त्यानं चाललाय?"

मग फ्लेक्स आले. संध्याकाळी सांगितलं की सकाळी पाटी तयार. काम मागत हिंडणं पेंटरांच्या स्वभावात नव्हतं, आणि फ्लेक्सवाल्यांच्या नावानं बोटं मोडणंही नव्हतं. त्यांनी ब्रश स्वच्छ धुतले, जुन्या सदऱ्यात गुंडाळून माळ्यावर टाकले आणि घरी बसले. पुढं बायको गेली. घरात उरली दोघं, पेंटर आणि त्यांची लेक.

लेक घरीच कॉम्प्युटरवर टायपिंगची कामं घ्यायची. मुख्य आधार एका शाळेचा. परीक्षेचे पेपर शिक्षकांच्या अक्षरात, बंद पाकिटातून यायचे आणि टाइप होऊन बंद पाकिटातूनच परत जायचे. त्या वेळी वडिलांनाही ती खोलीत फिरकू देत नसे. दुपारी जेवून ती जरा आडवी झाली, की मात्र खुर्ची पेंटरांची. जीव रमेल, बातम्या वाचतील, म्हणून तिनंच त्यांना इंटरनेट उघडायला शिकवलं होतं.

बातम्या राहिल्या बाजूला, पेंटर जाहिराती वाचायला लागले. तुम्हीआम्ही ज्यांच्यावर वैतागून फुली शोधतो, त्या प्रत्येकीला ते पाहुण्यासारखा मान देत. 'तुम्ही आमचे दहा लाखावे पाहुणे आहात' असं चमकलं की त्यांना मनापासून बरं वाटे, आणि मग नजर अक्षरांवर जाई. "सावली बघ याची. उजेड डावीकडून, आणि सावलीही डावीकडेच. याला कुणी शिकवलंच नाही." एखादी जाहिरात न बघता घालवणं त्यांना उद्धटपणाचं वाटे. "कुणीतरी बसून केलंय ना हे? मग बघावं की माणसानं." आणि बघता बघता जाहिरातीनं काही विचारलं, तर ते 'होय'वर बोट ठेवत. दारात आलेल्याला नाही कसं म्हणायचं?

हळूहळू कॉम्प्युटरला धाप लागायला लागली. सुरू व्हायला पंधरा मिनिटं. पडद्याच्या डोक्यावर कुणी न मागितलेल्या बटणांच्या चार पट्ट्या. इंटरनेटची वायर काढली तरी जाहिराती टपाटप उघडत. शेवटी लेकीनं कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. हा गृहस्थ चष्मा कपाळावर चढवून आणि सीड्यांची पिशवी काखोटीला मारून यायचा, आणि चहा नको म्हणत दोन कप प्यायचा. त्यानं तपासणी लावली. आत घुसलेल्या प्रोग्रामांची यादी दोनशेच्या वर गेली तरी तो गालात हसत होता. मग एका ओळीवर थांबला आणि त्याचं हसू गेलं.

"ताई, बाकी सगळा कचरा आहे. पण हे वेगळं आहे. तुम्ही जे जे टाइप करता ते हे टिपून घेतं आणि बाहेर पाठवतं. अक्षर न् अक्षर."

वार्षिक परीक्षेचे पाच पेपर लेकीनं त्याच आठवड्यात टाइप केले होते.

"पण आत आलं कुठून?"

"कुठल्यातरी जाहिरातीला होय म्हटलं असणार कुणीतरी."

पेंटर दारातच उभे होते. "मी नुसतं बघत होतो रे," ते म्हणाले.

"काका, तुम्ही तिच्याकडे बघत होता तेव्हा तीही तुमच्याकडे बघत होती."

पेंटर स्टुलावर बसले. "आम्हीही बघायचो माणसांकडे, पाटी लावून झाल्यावर," ते म्हणाले. "पण कुणाच्या मागोमाग त्याच्या घरात नाही शिरलो कधी."

लेकीला त्या वेळी असलं काही ऐकायचं नव्हतं. "बाबा, आजपासून या मशीनला हात लावायचा नाही," ती म्हणाली, आणि तेही परक्या माणसासमोर. पेंटरांनी मान हलवली. ती हललेली मान तिला पुढं फार दिवस छळत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली. गप्प बसली असती तर कुणाला पत्ता लागला नसता, पण पेंटरांची लेक होती ती. मुख्याध्यापिकाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. पाचही पेपर नव्यानं काढावे लागले आणि शिक्षकांनी घातलेल्या शिव्या तिला घरी बसल्या ऐकू आल्या. "तुम्ही आपण होऊन सांगितलंत, म्हणून काम तुमच्याकडेच ठेवते," बाई म्हणाल्या. "पुन्हा झालं तर मात्र माझा इलाज नाही."

कॉम्प्युटरवाल्यानं सगळं पुसून नव्यानं भरलं. आत पहारा बसवला. लेकीचं खातं वेगळं, कुलूपबंद. पेंटरांचं वेगळं, ज्यातून नवं काहीच मशीनमध्ये घुसवता येणार नाही. शिवाय जाहिराती अडवणारी जाळी. लेकीनं स्वतः खुर्ची ओढून दिली. "बसा आता बाबा, खुशाल."

पेंटर बसले. पान वर नेलं, खाली आणलं. जाहिरातींच्या जागी पांढरे चौकोन. "सगळीकडं चुना फासलाय," ते म्हणाले आणि उठून गॅलरीत गेले. दुसऱ्या दिवशीही तेच. पुढं खुर्चीवर वाळलेल्या कपड्यांचा ढीग पडायला लागला आणि तो कुणी हलवेना. रुसले असते तर तिनं त्यांची समजूत काढली असती. ते रुसले नव्हते. दिवसभर जपून वावरत, घरात आपल्या हातून आणखी काही बिघडायला नको म्हणून.

दोन आठवडे तिनं काढले आणि कॉम्प्युटरवाल्याला पुन्हा फोन केला. "बाबांच्या खात्यातल्या जाहिराती परत चालू करून द्या."

त्यानं कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. "ताई, लोक मला जाहिराती हाकलायला बोलावतात. आणायला आज पहिल्यांदाच आलोय."

"दिसू देत नुसत्या. आत काही येता कामा नये."

त्यानं डोकं खाजवत ते जमवलं आणि जाताना पेंटरांना बजावलं, "काका, कशावरही बोट ठेवण्याआधी ताईंना हाक मारायची."

पेंटरांनी तो नियम अगदी कोर्टाच्या हुकुमासारखा पाळला. "अगं, एक पाटी आलीय. बघू का?" दुपारभरात आठ-दहा वेळा. ती अर्धवट झोपेतून उठून यायची, करवादायची, "नको, फसवी आहे," म्हणायची. पेंटर म्हणत, "बरं, पण याचं अक्षर तेवढं बघ." मग दोघं डोक्याला डोकं लावून ते अक्षर बघत. कुठं कंबर बारीक हवी होती, कुठं रंग ओरडतोय, हे तिला तेव्हाच कळायला लागलं. सहा वर्षं हे चाललं. त्या सहा वर्षांत एकही नको ती गोष्ट मशीनमध्ये शिरली नाही.

पेंटर जाऊन आता बराच काळ झाला. मशीन नवं आहे, पहारा कडक आहे, आणि शाळेचं काम अजून तिच्याकडेच आहे. पडद्यावर एकही जाहिरात येत नाही. दुपारी जेवून ती आडवी होते. आता कुणी हाक मारत नाही, अर्ध्यातून उठवत नाही. ती डोळे मिटून पडते, पण झोप काही लागत नाही.