दाराबाहेरचं कुलूप

शिलाई कारखान्यात तिला सगळ्या डावरी म्हणायच्या. सुई डाव्या हातात, म्हणून टाका उलट्या अंगाला कललेला. पण वीस वर्षांत हातशिलाईत तिचा हात धरणारी दुसरी निघाली नव्हती.

पाहुणे येणार म्हणून मॅनेजरसाहेबांना हुक्की आली. प्रत्येकीने रुमालाएवढ्या चौकोनावर कारखान्याची एक आठवण भरायची, मग चाळीस चौकोन जोडून भिंतीवर पडदा लावायचा. कुणी फुलं भरली, कुणी मशीन. डावरीने मागच्या खोलीचं दार भरलं आणि त्याला बाहेरून कुलूप घातलं. गेल्या वर्षी आग लागली तेव्हा त्याच खोलीत धुराने गुदमरून तिची धाकटी बहीण गेली होती. कागदोपत्री मात्र दार उघडं होतं.

पाहुणे यायच्या सकाळी साहेबांची नजर कुलपावर गेली.

"कुणाचे हे उद्योग? ती आजच घरी जाईल!"

बहिणीची दोन लेकरं आता डावरीच्याच जिवावर होती.

कटिंगमास्तरांनी पडदा उलटून टाके पाहिले. "डाव्या हाताचं काम," ते बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली. साहेबांना बायांची नावं ठाऊक नव्हती, हात कुठून ठाऊक असणार? त्यांनी हुकूम सोडला, एकेकीने समोर येऊन चिंधीवर दहा टाके घालायचे.

पहिली उठली काजं करणारी मावशी. तिने सुई घेतली ती डाव्या हातात! मग दुसरीनेही, तिसरीनेही. कोंबडीने उकरल्यासारखे टाके पडत गेले. साहेब घामाघूम झाले.

डावरी शेवटची. दहा टाके वाईट घातले की सुटली असती. पण बहिणीला सुई धरायला तिनेच शिकवलं होतं, आणि तिच्या नावाने वाईट टाका घालायला हात धजेना. तिने दहाही टाके नेटके घातले.

"ते दार माझं आहे, साहेब. कुलूप होतं. मी स्वतः ओढून पाहिलं होतं."

"उसव ते! आत्ताच्या आत्ता!"

"मी नाही उसवणार. तुम्हीच उसवा."

साहेबांनी मावशीपुढे हात केला. "कात्री दे."

"आज घरीच राहिली बघा," मावशी म्हणाली.

"माझीपण," शेजारची म्हणाली. कटिंगमास्तरांनीही रिकामे हात दाखवले.

फाटकाशी पाहुण्यांच्या गाडीचा हॉर्न वाजला. चाळीस शिवणाऱ्या बायांमध्ये साहेबांना एक कात्री मिळेना.